वाळवंटातला हाकारा

शिकारीचा नाद मला आयुष्यभर आहे आणि आजवर माझ्या हातून साधा उंदीरही मेलेला नाही.

याला कारण आमच्या कोकणातल्या गावची रीत. बंदूक मोठ्या काकांची, कुत्री सगळ्या वाडीची आणि हाकारा माझा. हाकारा म्हणजे रानाच्या मागल्या अंगाने आरडत, डबे बडवत निघायचं आणि दडलेला डुक्कर बंदुकीच्या तोंडी आणायचा. मला तेवढंच आलं, पण ते मी जीव ओतून केलं. डुक्कर बाजूला फुटताना दिसला, की पोटातून अशी आरोळी यायची की तो वळायचाच. (कधी कधी आमची कुत्रीही वळून घरी जायची. ते सोडा.) पुढे कुवेतला एसी दुरुस्त करता करता केस पिकले, गावाकडे काका गेले, पण थंडी पडली की माझा घसा अजून शिवशिवतो.

हे सगळं माझ्या बायकोने, नंदाने, दवाखान्यात सांगून टाकलं. ती तिथे नर्स आहे. अबू सालेम नावाचे एक वृद्ध कुवेती गृहस्थ तिच्याकडे पायाच्या ड्रेसिंगला येत. बायको वारल्यापासून ते कोणाशी बोलत नसत. बोललेच तर आपल्या ससाण्याबद्दल. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून ही म्हणाली, आमच्या घरातही एक शिकारी आहे. झालं! म्हाताऱ्याने आम्हा दोघांना शुक्रवारचं आमंत्रण दिलं.

जहरा शहराच्या पलीकडे वाळवंटात गाडी थांबली. ससाणा कोवळा होता. थंडीभर त्यांनी त्याला पायाला दोरी बांधून शिकवलं होतं. अबू सालेमनी माझा हात धरला आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "आज पहला दिन. रस्सी नहीं."

म्हणजे बिथरला तर गेलाच. "घर में अब ये ही है," ते म्हणाले.

मग एका शिकाऱ्याने दुसऱ्याला मान द्यावा तसं त्यांनी माझ्या हातात चामड्याचा हातमोजा चढवला आणि क्षणभर पक्षी त्यावर बसवला. डोळ्यांवर टोपी होती, तरी तो मान वाकडी करून माझा श्वास ऐकत होता. मला गहिवरून आलं.

त्यांनी पक्षी परत घेतला, टोपी काढली, सरावाचं कबुतर सोडलं आणि ससाणा सुटला. काय तो वेग! कबुतर अचानक बाजूला फुटलं. सावज फुटतंय एवढंच मला दिसलं. त्यापुढचं मी केलं नाही, घशाने केलं.

"हाऽऽ हो हो होऽऽ! फुटला रेऽऽ!"

कबुतर वाचलं. ससाणा हवेतच दचकला, वर वर गेला आणि दिसेनासा झाला. अबू सालेम रिकामी मूठ तशीच वर धरून आकाशाकडे बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंदा हळूच म्हणाली, "अहो, हाकारा कसला देताय? इथे लपायला झुडूप तरी आहे का?"

पक्ष्याच्या पायात त्याचा ठावठिकाणा गाडीत कळवणारं छोटं यंत्र होतं. त्याच्या टुकटुकीमागे आमची गाडी भटकू लागली. अबू सालेम पुढे, ओठांत दुवा पुटपुटत. मी मागे, मांडीवर हातमोजा घेऊन गावच्या देवीला नारळ बोलत. (देवीची हद्द इथवर पोचते का, हा विचार तेव्हा सुचला नाही.) ऊन कलताना तो विजेच्या एका उंच मनोऱ्यावर बसलेला दिसला.

म्हातारा लंगडत खाली उतरला. दोरीला बांधलेला पिसांचा झुबका गरगर फिरवत बारीक आवाजात पक्ष्याला बोलावू लागला. तो आवाज वाऱ्यावर विरत होता. आवाज कमी पडतोय म्हटल्यावर मला राहवेना. माझा हात दाराकडे गेला.

नंदाने दाराचं लॉक दाबलं. "तुम्ही तोंड उघडलंत, तर मी एकटी गावाला जाईन."

आणि ससाणा सुटला, थेट त्या पिसांवर. हाकारा देणारा नेहमी रानाच्या मागे असतो; तो पोचेपर्यंत सगळं आटपलेलं असतं. एवढ्या वर्षांत झडप मी पहिल्यांदाच समोरून बघत होतो. घशात आरोळी आलीच. मी हातमोजा तोंडात कोंबला आणि दात रोवले.

अबू सालेम वाळूत बसले होते. पक्षी मुठीवर, डोळ्यांत पाणी. नंदाही रडत होती. मलाही काही बोलायचं होतं, पण तोंडात चामडं होतं.

निघताना मी मान खाली घालून हातमोजा परत केला. त्यांनी दातांच्या खुणा बोटाने चाचपल्या, माझ्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा माझ्याच हातात ठेवला.

"अगला जुम्मा फिर आओ," ते म्हणाले. "लेकिन ये मुँह में."

तेव्हापासून थंडीतल्या दर शुक्रवारी मी शिकारीला जातो. ससाणा त्यांच्या हातावर असतो आणि हातमोजा माझ्या तोंडात.