ग्राउंडवरचं वळण

शाळेतले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. कपाटात नुसती वही ठेवली तरी तिच्यावर धूळ बसते ना, तसे ते आपोआप साठतात. माझी अडचण वेगळीच आहे. त्यातला कुठला खरा घडला आणि कुठला मी मागाहून नीट लावून घेतला, याची मला खात्री देता येत नाही. भूशास्त्रात पीएच.डी. केली, तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, पण घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का, हे बघायला दोनदा परत जाणारा माणूस मी. तेव्हा ऐकताना थोडं सांभाळून ऐका.

आमचं जुनं गाव धरणात गेलं. काही घरं वर डोंगराला सरकली, तीच आताची वस्ती आणि तिथलंच हे हायस्कूल. मी मात्र धरण व्हायच्या आधीच, सातव्या वर्षी पुण्याला मामाकडे गेलो. रिटायर झाल्यावर इथं परतलो. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलांची मंडळं भरतात : लेझीम, कथाकथन, विज्ञान. जगताप बाई, आमच्या मुख्याध्यापिका, एकदा म्हणाल्या, "सर, तुम्हीही एक मंडळ काढा की."

मी नकाशा मंडळ काढलं. बुडालेल्या गावाचा नकाशा! सगळ्यांना वाटलं, मुलांसाठी. खरं कारण असं, की गेल्या वर्षी मी वेल्ह्याला जाताना भलत्याच फाट्यावर एसटीतून उतरलो आणि अर्धा तास मला माझ्या मुलाचं नाव आठवेना. मुलाचा हट्ट, "बाबा, आता पुण्यात या." मी त्याला म्हटलं, नकाशा पुरा होऊ दे. माझ्या आठवणीतलं गाव आणि इतरांच्या आठवणीतलं गाव जुळलं, तर मी इथंच राहणार. नाही जुळलं, तर तू म्हणशील त्या दिवशी बॅग भरतो.

*

जुनं गाव बघितलेल्यांना बोलावलं होतं; पहिल्या शनिवारी त्यांतल्या फक्त म्हाताऱ्या आल्या. आपापले गुडघे घेऊन आल्या! "डॉक्टर हायसा म्हनं. मलम द्या काईतरी." मी दगडांचा डॉक्टर आहे, हे सांगून पटेना. शेवटी एकीनं निकाल दिला, "म्हंजे काय उपेगाचं न्हाई!"

विद्यार्थ्यांत नववीतली वैष्णवी सगळ्यात धीट. मी म्हाताऱ्यांना विचारत होतो, पारापासून तुमचं घर किती मीटर? वैष्णवी म्हणाली, "सर, त्यांना मीटर कसं कळंल? त्यांना चालू द्या ना."

तीच आमची पद्धत झाली. ग्राउंडवरचा झेंड्याचा खांब म्हणजे जुन्या गावातला पिंपळाचा पार. म्हातारीनं तिथं उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि घरी जायचं. मागून मुलांनी चुन्याची फक्की टाकत जायचं. अनसाआजी, वय पंच्याऐंशीच्या पुढं, चालत चालत ग्राउंडच्या टोकाला जाऊन थांबल्या आणि डोळे मिटूनच त्यांनी डोकं खाली वाकवलं.

"काय झालं, आजी?"

"चौकट बुटकी हाय आमची," आजी म्हणाल्या.

*

अनसाआजींचा आणखी एक नेम होता. दर शनिवारी त्या मला विचारायच्या, "तुमी कुनाचं म्हनायचं?"

मी सांगायचो, "वरच्या आळीतल्या सखारामाचा दिगू, आजी."

त्या हनुवटीला हात लावून मला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "आसंल, आसंल."

सलग सहा शनिवार! वैष्णवी हसायची. "सर, तुमी पुढच्या येळी आधार कार्ड आणा."

*

तोवर नऊ म्हाताऱ्या आणि चार म्हातारे चालून झाले होते. वेगवेगळ्या शनिवारी, एकमेकांचं न बघता. फक्कीच्या रेघा सगळीकडे पसरल्या. एके दिवशी वैष्णवीनं मला शाळेच्या गच्चीवर नेलं.

"सर, बघा."

खांबापासून वीस-बावीस पावलांवर वरच्या आळीकडं जाणारी प्रत्येक रेघ वळत होती. काही डावीकडून, काही उजवीकडून. मधे एक जागा मोकळी राहिली होती. बैलगाडीच्या चाकाहून थोडी मोठी, गोल.

मी अनसाआजींना विचारलं, "तिथं काय होतं?"

"चालताना इचारू नगा. पाऊल चुकतं."

"आता तर बसलाय तुम्ही."

"मग बसू द्या की!"

मला तिथलं काहीच आठवत नव्हतं. पार आठवत होता, मारुती आठवत होता, आमच्या दारातला उंबर आठवत होता. तिथं फक्त मोकळी वाट. मंडळाचा नियम होता, कुणी सांगितल्याशिवाय नकाशात काही लिहायचं नाही. वैष्णवीनं त्या जागी पेन्सिलीनं बारीक गोल काढून ठेवला. त्या रात्री मी मुलाला फोन केला नाही.

*

मग फक्की पुसली गेली आणि लेझीम पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली. क्रीडाशिक्षक मोरे सर शिट्टी वाजवून वाजवून लाल झाले. पथकाची सरळ ओळ खांबाजवळून पुढं आली की मधेच फाकायची आणि पुन्हा जुळायची.

"अरे, सरळ चाला! वळताय कशाला?"

एकानं बावळट चेहरा करून सांगितलं, "सर, हितनं वळावंच लागतंय."

मोरे सर तणतणत स्वतः पुढं चालून दाखवायला गेले. आम्ही सगळे बघत होतो. मोरे सर सातारचे, या गावाशी काडीचा संबंध नाही. तेही वळले! त्यांना ते कळलंसुद्धा नाही. खांबापाशी परत येऊन म्हणाले, "असं! असं सरळ चालायचं!"

*

शाळेचे शिपाई बबनमामा कार्यक्रमाआधी ग्राउंडवर पाणी मारतात. त्या गोल जागेकडं बोट करून मला म्हणाले, "सर, बाकी समदं भिजतंय. हितं कितीबी मारा, पितंय."

मी त्यांना समजावलं. ग्राउंड करताना भराव घातला असेल, मुरूम सैल राहिला असेल, पाणी झिरपणारच. मामांनी मान डोलवली. "व्हय. तुमी शिकल्यालं मानूस, तुमी म्हंता तर तसंच." नळी तिथंच टाकून ते बराच वेळ कानोसा घेत उभे राहिले.

घरी जाऊन मी माझं स्पष्टीकरण वहीत लिहिलं. ते बरोबर होतं. परीक्षेत कुणी लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते. तरी खाली प्रश्नचिन्ह काढलं.

*

कथाकथन मंडळाचा एक दंडक आहे. बिनहुंकाराची गोष्ट सांगायची नाही. गोष्ट चालू असताना एकीनं मधून मधून "हं" म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

त्या शनिवारी वर्गात रंगकाम होतं म्हणून मुली ग्राउंडवर बसल्या. नेमक्या त्या जागेभोवती, गोल करून. वैष्णवी गोष्ट सांगत होती. वेळेवर हुंकार येत होता. गोष्ट संपल्यावर जगताप बाईंनी विचारलं, "छान! आज हुंकार कुणाकडे होता?"

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. जिची पाळी होती ती साडेअकराच्या एसटीनं केव्हाच घरी गेली होती. प्रत्येकीला वाटलं, दुसरी देतेय.

"मग देत कोण होतं?"

वैष्णवी म्हणाली, "बाई, माझ्या समोरनं येत व्हता." तिच्या समोर फक्त मधली जागा होती.

*

जगताप बाई माझ्या मागं लागल्या. "सर, सगळे चालून झाले. तुम्हीच राहिलात." मी टाळत होतो. म्हटलं, माझी पावलं तेव्हा पोराची होती, आता म्हाताऱ्याची आहेत. वैष्णवी म्हणाली, "सर, दोन्ही आखूडच की!"

मी खांबाला पाठ लावली, डोळे मिटले आणि आमच्या घराकडं निघालो. पावलं मोजत होतो. उंबरापाशी पोचलो असं वाटल्यावर डोळे उघडले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्कीची पाटी हातात धरून वैष्णवी बरीच मागं, त्या जागेच्या अलीकडंच थांबली होती.

"काय झालं?"

"सर," ती म्हणाली, "तुमी वळला न्हाई. तुमी त्याच्यातनं गेला."

*

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं आणि जुनं गाव उघडं पडलं. सकाळी सात वाजता नकाशा मंडळ खाली उतरलं. अनसाआजींना जीपमधून आणलं. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, पण पाराचा चौथरा शाबूत होता. मुलं पावलं मोजत पळायला लागली. मारुती जुळला! आजींची बुटकी चौकट जुळली, तिचा उंबरठा अजून जागेवर होता. आमच्या घराचा पायासुद्धा माझ्या आकड्यापासून दोनच पावलं लांब! माझा आनंद मला आवरेना. मनात म्हटलं, आता मुलाला सांगतो, बॅग भरायची नाही.

तेवढ्यात वैष्णवीनं हाक मारली. पारापासून एकवीस पावलांवर ती उभी होती. पायाशी घडीव दगडांचं गोल कडं होतं, आत काठोकाठ गाळ.

"आड हाय त्यो," आजी म्हणाल्या. जीपमधून उतरायला त्यांनी नकार दिला होता, पण आता उतरून आल्या होत्या. "मी नवी नवरी व्हते. वरच्या आळीचं एक पोरगं पळत आलं आन् आत गेलं. तवापास्नं समदी वळून जायची. धुनं न्हाई, पानी न्हाई."

"मग, आजी? काढलं का त्याला वर?" वैष्णवीनं वही उघडली.

"दोर सोडला व्हता. लई मानसं जमली. बायकांना मागं सारलं." आजींनी हनुवटीला हात लावला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. या वेळी त्यांनी कुणाचा म्हणून विचारलं नाही. "वर आलं का न्हाई, मला न्हाई ठावं, बाई. दिगूलाच इचार."

सगळी मुलं माझ्याकडं बघायला लागली. मी आठवायचा प्रयत्न केला. मामाकडे का धाडलं, ते मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"सांगा, सर," वैष्णवी हळूच म्हणाली. "मी हुंकार देते."

मी घसा साफ केला. तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं. मीही उघडलं नव्हतं.

"हं," असं खालून आलं.