चुकीच्या नंबराची चकती

गाडीच्या काचेवर रस्त्याचा कर भरल्याची कागदी चकती लावायची आता गरज नाही, असं सरकारने जाहीर केलं तेव्हा आमच्या गावात कुणाचं काही अडलं नाही. लोकांनी काचेवरच्या चकत्या नखांनी खरवडल्या, कचऱ्यात टाकल्या आणि चहा प्यायला घरात गेले. नव्वद-पंचाण्णव वर्षांची रीत एका दुपारी संपली. मला मात्र एका माणसाची काळजी लागली. क्लेम बेडोजची.

क्लेम पियानो जुळवणारा. वेल्सच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या डोंगराळ भागात पंचावन्न-साठ वर्षांपूर्वी प्रत्येक चॅपलमध्ये, प्रत्येक पबमध्ये आणि शेतावरच्या निम्म्या घरांत एकेक पियानो असायचा, आणि ओलीने तो सहा महिन्यांत बेसूर व्हायचा. त्यामुळे क्लेमला कामाला तोटा नव्हता. बोलायला मात्र त्याच्या जिवावर यायचं. आमचं खाटकाचं दुकान पोस्टासमोर होतं. क्लेम दुकानात आला की मटणाच्या तुकड्याकडे बोट दाखवायचा आणि माझा बाप म्हणायचा, "आज गडी फार बोलला."

त्याची गाडी म्हणजे एका पाद्रीबुवाकडून घेतलेली छोटी ऑस्टिन, लढाईच्या आधीची, बिनटपाची. टप होता म्हणे कधीकाळी, पण तो पाद्रीबुवाच्या मेंढ्यांनी खाल्ला. पावसात क्लेम मांडीवर गोणपाट घेऊन गाडी हाकायचा. त्यातून समोरची काचही तो बॉनेटवर आडवी पाडून ठेवायचा. त्याने गाडी चढ चांगला चढते अशी त्याची समजूत. "काच पाडून गाडी हलकी होत नाही, तुझं डोकं होतं," असं बाप त्याला ऐकवायचा. क्लेम मान डोलवायचा आणि काच तशीच ठेवायचा.

आता कायदा असा, की चकती गाडीच्या डाव्या अंगाला, दिवसाउजेडी वाचता येईल अशी हवी. टपाच्या गाडीला सोपं असतं. काचेच्या आतून चिकटवली की झालं. उघड्या गाडीत काच आडवी पाडली की चकती आभाळाकडे तोंड करून पडते. ती वाचायची तर पोलिसाने झाडावर चढावं. दव आत शिरतं, शाई पसरते. शिवाय गाडी उघडी म्हणजे कुणीही हात घालावा आणि चकती उपटून न्यावी. क्लेमची पहिली चकती चोराच्या आधी वाऱ्यानेच नेली. डोंगरावरच्या वळणावर ती उडाली आणि आम्ही दोघं अख्खी दुपार मेंढ्यांच्या मागे हिंडलो. एक मेंढी रवंथ करत आमच्याकडे अशी काही बघत होती, की आम्ही शोध थांबवला.

क्लेम पोस्टात गेला आणि त्याचं आयुष्य तिथे बदललं. काउंटरमागे ऑल्वेन प्राइस बसायची. हद्दीपलीकडची मुलगी, तोंडाने फटकळ, अक्षर मात्र मोत्यासारखं. त्या काळी चकतीवरचा नंबर पोस्टातच हाताने लिहीत. चकती कशी हरवली असं तिने विचारलं. वाऱ्याने, असं क्लेमने सांगितलं. कुठल्या वाऱ्याने, अर्जात लिहावं लागेल, असं ती चेहरा न हलवता म्हणाली. क्लेमने खरोखर विचार केला आणि "पश्चिमेच्या" असं उत्तर दिलं. तिने ते लिहिलंही. कौंटीच्या कचेरीला द्यायचा अर्ज तिनेच भरला आणि वर सल्ला दिला, की मोटरसायकलवाले लावतात तशी काचेची डबी करून घ्या, मिस्टर बेडोज, नाहीतर आपल्याला दर वाऱ्याला भेटावं लागेल.

पठ्ठ्याने डबी केली. जुन्या पियानोंना पुढच्या बाजूला मेणबत्तीसाठी पितळी बशा असायच्या. तसल्या एका बशीची डबी. वर गजराच्या घड्याळाची काच, आत ओल शिरू नये म्हणून मुरंब्याच्या बरणीचं रबर. डबी त्याने गाडीच्या डाव्या अंगाला, समोरच्या काचेच्या खाली पत्र्यावरच बसवली, म्हणजे काच उभी असो की आडवी, चकती जागची हलणार नाही. आणि झाकणाला स्क्रूऐवजी पियानोच्या तारेची खुंटी ठोकून बसवली. तिचं डोकं चौकोनी. क्लेमची पियानो जुळवायची किल्ली लावल्याशिवाय ती फिरणार नाही, आणि ती किल्ली सगळ्या पंचक्रोशीत एकट्या क्लेमच्या खिशात. चोराने गाडी नेली असती, पण चकती नेता आली नसती.

पुढे मात्र तो वेडेपणा करू लागला. सगळं गाव वर्षाची चकती घ्यायचं. तीन महिन्यांची घेतली तर एकूण महाग पडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. क्लेम तीन महिन्यांची घ्यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, गाडी जुनी आहे, वर्षभर टिकेल याचा काय भरवसा. खरं कारण मी समोरच्या दुकानातून बघत होतो. चकतीच्या दिवशी तो गळपट्टा नीट बांधून यायचा, मागे माणसं असली तर त्यांना पुढे जाऊ द्यायचा, आणि ऑल्वेनसमोर उभा राहिला की बुटांकडे बघायचा. दोन वर्षं हेच चाललं. मला त्याचा असा राग यायचा की समोर जाऊन त्याच्या पाठीत एक गुद्दा घालावा.

तिसऱ्या वर्षीच्या वसंतात त्याने नवी चकती घेतली, आणि त्यानंतर तो गाडी विचित्र लावू लागला. कुठेही गेला तरी गाडीची डावी बाजू भिंतीला, नाहीतर कुंपणाला अगदी घासून. गाडीचा हिरवा रंग निघाला, मडगार्डाला पोचा पडला. चॅपलच्या भिंतीवर हिरवे ओरखडे उठले म्हणून बायका कुरकुरू लागल्या. विचारलं तर तो नुसती मान डोलवायचा.

आमचा हवालदार टज अंगाने जाड होता, बुद्धीने नव्हता. आपल्याच गाडीचा रंग खरवडणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, हे त्याने ओळखलं. एका बाजाराच्या दिवशी त्याने मला आणि आणखी दोघांना हाक मारली, आम्ही गाडी उचलून भिंतीपासून दूर केली, आणि टजने गुडघे टेकून डबीत पाहिलं. चकतीवरचा नंबर गाडीचा नव्हता. शेवटचा आकडा वेगळा होता.

दुसऱ्याच्या गाडीची चकती लावणं म्हणजे कोर्टाची पायरी. टजने क्लेमला बोलावून विचारलं की ही आली कुठून. क्लेमचा चेहरा पडला. तो म्हणाला, की रस्त्यात सापडली, लावली.

"क्लेम, लेका," टज म्हणाला, "खोटं बोलायला थोडी सवय लागते. चल पोस्टात. अक्षर कुणाचं ते मला वाचता येतं."

वाटेत क्लेमने माझी बाही धरली. त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. नंबर चुकल्याचं त्याला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. परत नेऊन दाखवला असता तर पोस्टमास्तरने तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं, कदाचित नोकरीही गेली असती. म्हणून तीन महिने कसेबसे काढायचे, मग नवी चकती मिळेल आणि कुणाला कळणार नाही, असा त्याचा बेत होता. दंड झाला तरी चालेल, चोर म्हटलं तरी चालेल, तिला बोल लागायला नको. हे ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला.

पोस्टात रांग होती. टजने टोपी काढली आणि ऑल्वेनला विचारलं, की मिस प्राइस, अशा नंबराची चकती तुम्ही कुणाला दिली होती का. क्लेम तिच्या आधीच म्हणू लागला की यांचा काही संबंध नाही. ऑल्वेनने हातातला शिक्का खाली ठेवला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आणि ती मी मुद्दाम केली. वाटलं, नंबर चुकला म्हणजे हा माणूस दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येईल. तीन महिन्यांऐवजी दुसऱ्याच दिवशी. तर सहा आठवडे झाले, मी रोज दाराकडे बघतेय आणि हा आलाच नाही."

रांगेतली माणसं वळून क्लेमकडे बघू लागली. आतून पोस्टमास्तर काहीतरी बोलत बाहेर आला, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. टजने टोपी घातली आणि पोस्टाच्या चुकीत आपण पडत नाही असं सांगून निघून गेला. क्लेम बुटांकडे बघत होता. मग त्याने मान वर केली, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर ती तिच्यासमोर कधी खाली घातली नाही.

ऑल्वेनला पोस्टमास्तरने बोलायचं ते बोलून घेतलं, पण नोकरी राहिली. शरद ऋतूत दोघांचं लग्न झालं आणि माझ्या बापाने अख्खी मेंढी दिली. म्हणाला, चकती खाल्लेली तीच आहे असं समजा. त्यानंतर पुढची पन्नासेक वर्षं ती ऑस्टिन त्या दोघांना घेऊन डोंगरात हिंडली. ऑल्वेन डाव्या बाजूला, पितळी डबीच्या अगदी मागे बसायची, डोक्याला रुमाल बांधून. जुनी चकती काढून टाकायची नाही, नवी तिच्यावर ठेवायची, अशी आमच्याकडे बऱ्याच जणांची सवय. क्लेमने एकही काढली नाही. पुढे चकत्यांवरचं लिखाण यंत्राने छापून येऊ लागलं, मग आमच्या पोस्टाचं एक काउंटर तेवढं उरलं आणि बाकीची जागा किराणा दुकानाला गेली, मग जुन्या गाड्यांना करच माफ झाला. शून्य कराची सुद्धा चकती लावावी लागे आणि क्लेम ती निमूटपणे आणून लावायचा.

क्लेम जेवायला उशिरा आला, की ऑल्वेनचं ठरलेलं वाक्य असायचं, "नेहमीचंच. मी वाट बघतेय आणि तू येत नाहीस." तो हसायचा. आम्ही सगळेच हसायचो.

ती गेली त्या दिवशी तो डोंगरापलीकडच्या एका चॅपलमध्ये होता. ती इस्पितळात होती, पण सकाळी तिला बरं वाटत होतं, तिनेच त्याला हट्टाने पाठवलं होतं. इस्पितळातून निरोप पोचला, तो निघाला, चढावर गाडी तापून बंद पडली. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंत्यविधीनंतर तो मला एवढंच म्हणाला, "स्टॅन, तिने दाराकडे बघितलं असेल." बघितलंच असणार. मी खाटीक माणूस, मला सांत्वन जमत नाही. मी त्याच्याबरोबर नुसता बसून राहिलो. त्यानंतर तीन वर्षं तो गाडी चालवायचा, पण एकटाच, आणि कुठेही वेळेआधी पोचायचा.

आणि मग चकत्याच बंद झाल्या. त्या सकाळी मी त्याच्याकडे गेलो तर तो गॅरेजमध्ये डबी उघडून बसला होता. किल्ली मांडीवर, चकत्यांची चळत बाकावर, वर्षानुवर्षांचे रंग एकाखाली एक. तळाजवळची एक चकती त्याने वेगळी काढली होती. मला म्हणाला, चल पोस्टात.

काउंटरवर जॅनिस होती; पोस्ट आणि किराणा दोन्ही तीच बघते. आमच्या मागे दोघी-तिघी दूध-पाव घेऊन उभ्या होत्या. क्लेमने या खेपेला कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. त्याने गळपट्टा नीट केला आणि चकती काचेखालून आत सरकवली.

"यावरचा नंबर चुकलाय," तो म्हणाला. "शेवटचा आकडा. मला तक्रार करायची आहे."

जॅनिसने चष्मा लावला, चकतीवरचं साल वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. ती बाई दयाळू आहे. हसली नाही.

"तक्रार बरोबर आहे, मिस्टर बेडोज," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही यायला फार उशीर केलात."

"हो," क्लेम म्हणाला. "तीही हेच म्हणायची."

चकती त्याने परत घेतली. घरी आल्यावर ती डबीत सगळ्यांच्या वर ठेवली, काच बसवली आणि किल्लीने खुंटी आवळली. मग गाडी बाहेर काढून अंगणात उभी केली, भिंतीपासून चांगली दूर, डावी बाजू रस्त्याकडे.