मानेखालच्या दोन थापा

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात लिंबू फक्त सरबताला आणि पोह्यांवर लागतं. दाराला कधी बांधलेलं नाही. मी पुसदच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. लिंबातून 'रक्त' काढणाऱ्या बुवाची युक्ती दरवर्षी आठवीच्या पोरांना मी स्वतः करून दाखवते, आणि ती करताना मला जरा जास्तच मजा येते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव आजवर मी चहासोबत वाचले, करमणूक म्हणून. आता माझाच लिहायला बसलेय... हसायचं तर हसा. दुसऱ्या कोणी लिहिला असता तर मीही हसलेच असते.

माझं माहेर पुसदच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या एका तांड्यावर. आम्ही बंजारा. घरात गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, आणि भांडणात जी आधी आठवेल ती. आईला आम्ही याडी म्हणतो, वडिलांना बा. सगळ्या तांड्यात ट्रॅक्टर आले तरी बाने बैल सोडले नाहीत. लोक चिडवायचे, "याले बायकोपेक्षा बैल प्यारा." याडीही मान हलवायची, खरंच आहे म्हणून.

दिवाळीनंतर, घरात कापूस येत असताना बा गेला. शेतातून आला, ओट्यावर बसला, पाणी मागितलं. याडी आत तांब्या भरत होती. ती बाहेर आली तोवर सगळं संपलं होतं.

आमच्याकडे भेटीला रडतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. लेक माहेरी आली की आईच्या गळ्यात पडून सुरात रडायचं, आणि त्या रडण्यातच सगळी हालहवाल सांगायची — कोण आजारी, कोणाचं लग्न, कोण आठवतं. मग डोळे पुसून चहा. साध्या भेटीला एवढं, तर मरणाला किती असेल! मी पोचले आणि याडीच्या गळ्यात पडले. मी एकटीच रडले. ती लाकडासारखी उभी राहिली. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, नंतरही नाही. बायका कुजबुजायला लागल्या, "रडणं आत जिरलं का बाई वाचत नाही."

मला त्या कुजबुजीचा राग यायचा, पण याडी खरंच संपत चालली होती. दिवसभर गोठ्यात कबऱ्याजवळ बसायची. कबऱ्या म्हणजे बाचा बैल. त्याचा जोडीदार आधीच मेला होता, आणि बा गेल्यापासून तोही कोणाला अंगाला हात लावू देत नव्हता. भाकरी पुढे ठेवली तर याडी अर्धी खायची, उरलेली त्याला. बोलायची नाही. माझा भाऊ विजय तिला पुसदला डॉक्टरकडे घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, "दुखणं सापडत नाही, पण असंच चाललं तर भरती करावं लागेल." मी म्हटलं, याडी, माझ्याकडे राहा. ती संध्याकाळी न सांगता तांड्याच्या गाडीत जाऊन बसली.

या सगळ्यात माझंही अंग बिघडलं. वर्गात फळ्याकडे वळलं की छातीत धडधड, घशात काहीतरी अडकल्यासारखं, सकाळी उठले की जबडा दुखायचा — रात्रभर दात आवळलेले. ईसीजी काढला. नॉर्मल.

त्याच सुमारास शाळेत ताण कमी करण्याचं एक शिबिर झालं. बाहेरून एक बाई आल्या आणि त्यांनी आम्हा शिक्षकांना टॅपिंग शिकवलं. दोन बोटांनी ठरावीक जागांवर हलक्या टिचक्या मारायच्या. भुवई, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचं हाड, मग काखेखाली बरगडीवर. मनात जे खुपतं ते बोलत बोलत. सगळा स्टाफ आपापलं तोंड बडवतोय... मी मागच्या बाकावर बसून खुदुखुदु हसत होते. माझ्या शेजारी उर्दू-हिंदी शिकवणारी शबाना. तिनं मला कोपर मारलं.

"राठोड मॅडम, तुमच्या सायन्सले जरा बाजूले ठेवा. करके देखने में क्या जाता है?"

जात काहीच नव्हतं, म्हणून करून पाहिलं. दुपारी माझा एक ऑफ तास असतो. प्रयोगशाळा रिकामी असते. तिथं स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे, टिचक्या मारायच्या. खरं सांगते, फरक पडला. आधी जांभया यायच्या, एकावर एक. मग पोटात गुडगुड, खांदे आपोआप खाली, तळहात गरम. कधी डोळ्यांतून पाणी. याचं मला नवल वाटलं नाही. हलका, एकसारखा स्पर्श झाला की श्वास संथ होतो आणि शरीराला वाटतं की धोका टळला. आई बाळाला थोपटते त्यात तरी दुसरं काय असतं? जागा त्याच हव्यात का, याबद्दल मला तेव्हाही शंका होती. पण घसा मोकळा होत होता, मग शंका घेऊन काय करू?

मग एक दिवस बोटांनी क्रम चुकवला.

सुरुवात भुवईपासून करायची, तर हात आपसूक बरगडीवर गेला. तिथून गळ्याखालच्या हाडावर, हनुवटीवर, डोळ्याखाली, भुवईवर. खालून वर. मी परत पहिल्यापासून केलं. परत तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, असू दे, लिफ्ट खाली जाते तशी वरही जाते.

फेब्रुवारी संपत आला होता. प्रयोगशाळेच्या खिडकीतून डोंगरावरचा पळस दिसायचा, लालभडक. त्या दुपारी लाईट गेली होती. पंखा थांबला, बाहेरचे आवाज लांब गेल्यासारखे झाले. माझे हात थकून मांडीवर आले... आणि टिचक्या चालूच राहिल्या.

बरगडीवर. गळ्याखाली. हनुवटीवर. आता ती बोटं नव्हती, आख्खा हात होता, रुंद आणि खरबरीत. मला घाबरायला हवं होतं, पण त्या दुपारी घाबरण्याइतकी मी जागी नव्हते, आणि झोपलेही नव्हते. पाण्यात पाय सोडून बसावं तसं वाटत होतं. बैलांना घालतात त्या भिजलेल्या सरकीच्या ढेपेचा वास आला. डोळ्याखाली. भुवईवर. मग तो हात कपाळावर टेकला आणि थांबला. किती वेळ, माहीत नाही. मला वाटलं, आता असंच राहावं, वर्ग नको, घंटा नको, काही नको. तेवढ्यात मानेखाली दोन थापा पडल्या, जरा जोरात. आणि मी उठून उभी राहिले. उठायचं असं ठरवलं नव्हतं, पायच उठले.

दारात शबाना उभी होती.

"झोपल्या होत्या काय मॅडम?"

"नाही गं, टॅपिंग करत होते."

"हात तर मांडीवर होते तुमचे." तिनं वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंदच. "पदर हलून राह्यला होता. इथं." तिनं स्वतःच्या गळ्याखाली हात लावला. "कोणी लेकराले थापटते ना, तसा."

तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि मग एकदम व्यवहारी आवाजात म्हणाली, "मी कोणाले सांगत नाही. पण तुम्ही अम्मीकडं जाऊन या. लवकर."

पुढचे काही दिवस दर दुपारी तेच. थापा, कपाळावरचा हात, मानेखाली दोन, आणि मी उभी. खोटं कशाला बोलू, मी त्या तासाची वाट पाहायला लागले होते. तो कोणाचा हात आहे हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

रविवारी तांड्यावर गेले. ऊन कलत होतं. कुठल्यातरी घरामागे पोरं होळीच्या गाण्यांसाठी डफ शेकत होती. याडी गोठ्यात होती, भिंतीला टेकून. शेजारी कबऱ्या बसलेला, डोळे अर्धे मिटून. तिचा हात हातात घेतला तर चांदीचं कडं कोपरापर्यंत सरकलं. एवढी वाळली होती.

म्हटलं, मला फायदा झाला ते हिला करून पाहू. मी तिच्या समोर बसले आणि शिबिरात शिकवलं तसं भुवईपासून सुरू केलं. याडीनं माझं मनगट धरलं. ती जे बोलली ते गोरबोलीत, मी आपल्या वऱ्हाडीत लिहिते.

"डोळ्यापासून नाही वं छोरी. डोळ्याकडं हात आला का जनावर बिचकते. खालून ये."

कित्येक आठवड्यांनी तिचा आवाज ऐकत होते. म्हटलं, "तू काय जनावर आहेस?"

"मंग काय आहो?" ती म्हणाली. "बरगडीपासून कर. मंग गळा, मंग जबडा. कपाळ आखरीले."

"तुले कोणं शिकवलं हे?"

"तुह्या बानं. बैल भडकला, नाही तर कामात बसला, का तो असाच थापटे. तुह्या जल्माच्या वक्ती दवाखान्यात जाताना मले बैलबंडीतच कळा सुरू झाल्या. घाबरला बिचारा. त्याले दुसरं काय येत होतं? बैलाले थापटे तसंच मले थापटलं सारा रस्ता."

मी हे कधी पाहिलं नव्हतं. पाचवीपासून मी वसतिगृहात, आणि पोरींना नांगरापाशी नेतं कोण?

"आताही येते तो," याडी म्हणाली. दूधवाला येतो म्हणावं इतक्या साधेपणानं. "रोज. ऊन कलते तवा. बरगडी, गळा, जबडा... कपाळावर हात ठेवते. मले बरं वाटते."

"मंग उठत काहून नाहीस, याडी? जेवत काहून नाहीस?"

"त्यानं उठ म्हटलं कुठी?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मलाच अक्कल नाही. "सारं झाल्यावर तो बैलाले मानेखाली दोन थापा दे. मंगच बैल उठे. त्या दोन पडल्याबिगर त्याचा बैल हलला नाही कधी. मले सारं देते, ते दोन नाही देत. वाट पाहून राह्यली मी."

माझ्या अंगावर काटा आला असं लिहिलं तर शोभेल, पण मला आला तो राग. बाचाच राग. तिच्या हक्काच्या दोन थापा, आणि हा माणूस त्या रोज मला देत होता. मला कशाला? मी काय बसून राहिले होते? आणि मग, त्याच रागात, मला कळलं की माझ्याजवळ त्या कशासाठी दिल्या असतील. त्याचा हात तिच्यापर्यंत पोचत असेल, पण तिला उठवायला त्याचं मन होत नसेल. उठवलं की सोडून जावं लागतं ना. म्हणून त्या माझ्या हातून पोचवायच्या होत्या.

मी खालून सुरुवात केली. बरगडी, गळा, हनुवटी, डोळ्याखाली, भुवई. कपाळावर तळहात ठेवला. याडीचे डोळे मिटलेले होते. माझेही मिटले असावेत, कारण ढेपेचा वास एकदम जवळ आला. मग मी तिच्या मानेखाली दोन थापा दिल्या, आख्ख्या हाताने, जरा जोरात.

आधी कबऱ्या उठला. एवढं मोठं धूड, एका झटक्यात उभं. त्याच्या गळ्यातली घंटी वाजली. मग याडी उठली. भिंत न धरता.

आणि ती माझ्या गळ्यात पडली. तिचा सूर लागला तेव्हा डफ थांबले. सुरातच ती बाशी भांडत होती, "पाणीच आणून राह्यली होती ना मी, तांब्याच भरून राह्यली होती, एवढी कायची घाई होती तुले..." एकेक घरातून बायका आल्या, पदर डोक्यावर घेऊन, आणि गळ्यात गळे पडत गेले. शेजारची म्हातारी मला रडता रडता म्हणाली, "आता जगते तुही माय." विजय दारात उभा राहून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. अंधार पडायच्या आत याडीनं स्वतः पीठ मळलं आणि दोन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतर मला प्रयोगशाळेत काही जाणवलं नाही. तिलाही गोठ्यात नाही. मी स्पष्टीकरणं शोधली, सवयच आहे. टिचक्या थांबल्यावरही कातडीला त्या काही वेळ जाणवू शकतात, ते मी मानते. पोटातल्या बाळाला आईच्या अंगावरच्या थापा कळत असतील, लक्षात राहत असतील का, असं आमच्या जीवशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, सुट्टी घ्या." पण बंद पंख्याखाली हललेल्या पदराचं काय? आणि तिला न मिळालेल्या दोन थापाच मला का मिळाव्यात? लिंबाचा प्रयोग मात्र मी यंदाही केला.

टॅपिंग मी अजून करते, खालून वर. शेवटच्या दोन थापा मात्र स्वतःला देत नाही. त्या दुसऱ्यानं द्यायच्या असतात, असं याडी म्हणते. आता ती अधूनमधून माझ्याकडे पुसदला राहते. परवा मी शाळेला निघाले तेव्हा तिनं मला दारात थांबवलं आणि मानेखाली दोनदा थापटलं. मी मुद्दाम डोळे उघडे ठेवून पाहिलं, हात तिचाच होता. वास ढेपेचा होता. आमच्या फ्लॅटमध्ये ढेप कुठून येणार...

"जाय," ती म्हणाली. मी गेले.