अक्कांची झाडं, लाकडं आणि माझं लग्न

माझ्या लग्नाचे फोटो एका विधवा बाईनं काढले, म्हणून माझे दोन्ही काका न जेवता उठून गेले.

त्या अक्का काल सकाळी वारल्या. जळगावला, मुलीच्या घरी.

अमळनेरात त्यांच्या मिस्टरांचा फोटो स्टुडिओ होता. मिस्टर फोटो काढायचे, अक्का मागच्या डार्करूममध्ये ते धुवायच्या. हजारो नवऱ्या त्यांनी पाण्यातून वर येताना पाहिल्या, पण कॅमेरा कधी हातात धरला नव्हता.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मिस्टर अचानक वारले.

दीर म्हणाले, "वहिनी, इथं कापडाचं दुकान टाकू. तुम्ही आता घरी आराम करा."

अक्का म्हणाल्या, "कॅमेरा शिकून घेते. मग बघू."

ठरलेल्या लग्नांच्या ऑर्डरी एकेक करून गेल्या. तोंडावर कारण कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मांडवात, ऐन हळदीत, नवरीच्या समोर मोकळ्या कपाळाची बाई?

उरले पासपोर्ट फोटो.

मग अक्का रोज सकाळी कॅमेरा घेऊन बोरी नदीकडे जायला लागल्या.

मला त्या तिथंच भेटल्या. मी कॉलेजात बॉटनीला होते. हर्बेरियमच्या वहीत वाळवून लावायला एक रोप मुळासकट उपटत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"उपाडू नको व माय! थांब. पहिले फोटो."

आणि ही चाळिशीची बाई पदर खोचून सरळ वाळूत पालथी झाली.

मी बघतच राहिले.

"उभ्यानं काढला तर फक्त गवत दिसतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या उंचीला यायचं."

त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. मी झाडांची नावं सांगायचे, त्या मला बघायला शिकवायच्या.

"आधी चारी कोपरे बघ. मधलं तर दिसतंच."

"आभाळ कशाला घेतेस? काढून टाक ते."

"वारा पडू दे. घाई तुला आहे, पानाला नाही."

रुईची फुलं, बाभळीची सोललेली साल, उकललेलं कापसाचं बोंड. कुणाच्या तरी मोडक्या गाडीचं चाक.

बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचं लाकडी फाटक आडवं पडलं होतं. उन्हापावसानं करडं झालेलं, रेषारेषांचं. फटीतून एक पातळ वेल वर आला होता. त्या एका फ्रेमसाठी आम्ही कितीतरी सकाळी गेलो. अक्कांना आडवं ऊन हवं होतं. "दुपारी लाकूड मुकं होतं," म्हणायच्या. कधी ढग, कधी वारा, एकदा तर बकरी येऊन वेलाची दोन पानंच खाऊन गेली. मला रडू आलं. अक्कांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. गर्दी होत होती."

त्याच दिवशी तो फोटो मिळाला.

तो त्यांनी मोठा करून स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावला. तिथला नवरीचा फोटो उतरवून.

बाजाराला आलेली माणसं थांबायची, हसायची.

"अक्का, फोटूमा माणूस कोठे शे?"

दीरही आले. "वहिनी, लाकडाचे फोटो कोण घेणार?"

"कुणी नाही," अक्का म्हणाल्या. "पण हे लाकूड मला मागं हो म्हणत नाही. हात बसेपर्यंत याचेच काढणार."

माझं लग्न ठरलं, धुळ्याचं स्थळ. मी आबांना, म्हणजे वडिलांना सांगितलं, फोटो अक्काच काढतील.

घरात आग लागल्यासारखं झालं. काका म्हणाले, अपशकुन. आत्या म्हणाली, सासरचे काय म्हणतील. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अक्का स्वतःच म्हणाल्या, "राहू दे ना. तुझ्या लग्नात माझ्यावरून भांडण नको."

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही नाही आलात तर फोटोच नाहीत. एकही नाही."

त्यांनी पदरानं कॅमेऱ्याची काच पुसली. मग म्हणाल्या, "हळद किती वाजता?"

हळदीला आल्या. नेहमीचं साधं लुगडं, गळ्यात कॅमेरा. आल्या आल्या एक काकू आडव्या आल्या.

"अक्का, जरा मांगे सरका."

मांडवातल्या सगळ्या माना तिकडं वळल्या.

अक्का कॅमेऱ्यातून नजर न काढता म्हणाल्या, "मांगे सरकनू ते फोकस जाई."

कोपऱ्यातून कुणीतरी फस्सकन हसलं. ते आबा होते. मग ते उठले आणि म्हणाले, "काम करू द्या बाईला."

तेव्हाच काका उठले. जाऊ द्या त्यांना.

माझ्या अल्बममध्ये रांगेत उभे राहिलेले पाहुणे फार नाहीत. आईची हळदीनं माखलेली बोटं आहेत, झिजलेल्या पाटाच्या कडेवर टेकलेली. आबांचा हात आहे, भेगांचा, माझ्या हातावर. चेहरे बरेचदा अर्धेच. पण त्या दिवशी कोण किती गलबललं होतं ते सगळं त्यात आहे.

लगेच ऑर्डरी आल्या असं नाही. दीपनगरची माझी एक बौद्ध मैत्रीण अल्बम बघून म्हणाली, माझ्याही लग्नाचे फोटो याच काढणार. तिच्या घरी कुणी ब्रसुद्धा काढला नाही. बुद्धवंदना सुरू असताना अक्का अगदी पुढं बसल्या होत्या. मग जामनेरची एक ऑर्डर. मग अमळनेरातलीच. ज्यांनी रद्द केलं होतं त्यांच्यातलेही काही आले, आणि अक्कांनी त्यांच्याही लग्नांचे फोटो काढले.

कापडाचं दुकान काही निघालं नाही.

गेल्या महिन्यात जळगावला भेटायला गेले होते. गुडघे पार गेलेले. खुर्चीत बसून कुंडीतल्या तुळशीच्या वाळक्या मंजिरीचा मोबाईलवर फोटो काढत होत्या. काढायच्या, बघायच्या, पुसायच्या.

"हाललं," म्हणाल्या. "परत काढते."

मी शेजारी बसून राहिले. त्या परत काढत राहिल्या.

अक्का, तुम्हाला मनापासून नमस्कार. निरोप घेते.