फक्त आपल्या माणसांना

भागुबाईच्या पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही. चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानांमागे एक बोळ आहे, तिथे घरापुढच्या जगलीवर, म्हणजे ओट्यावर हो, मशीन मांडून ती फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची. मापं घेता घेता समोरच्या बाईचं माहेर, सासर, दुखणीखुपणी सगळं तिने काढून घेतलेलं असायचं, आणि आपलंही सगळं सांगून मोकळी झालेली असायची. बाई मराठी निघाली तर मग विचारूच नका! "कुणाच्यातली गं तू?" हा पहिला प्रश्न. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांची ही रीतच. शेकडो वर्षांपूर्वी फौजांबरोबर इकडे आलेली ही घरं. आपला माणूस भेटला की आधी घराणं विचारायचं, मग कुलदैवत, मग कुणाची सोयरीक कुठे. कुठून ना कुठून नातं निघतंच. आणि एकदा नातं निघालं की लपवायचं काय उरलं?

भागक्काला, बोळात तिला सगळे असंच म्हणायचे, त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. नवरा ऐन उमेदीत गेला तेव्हा समाजाच्या मंडळातल्या याच माणसांनी तिला उभं केलं. मशीन त्यांनीच आणून दिलं, मुलीच्या लग्नाला मांडवात राबायलाही तीच. आपली माणसं म्हटलं की तिचा ऊर भरून यायचा.

मुलगी एकुलती एक, शिवानी. आनेकलच्या गिरीराजला दिली. घर समाजातलं, हार्डवेअरचं चालतं दुकान, मुलगा दिसायला राजबिंडा. वर्षाच्या आत पोरीच्या अंगावर वळ दिसायला लागले. मंडळातल्या मोठ्या माणसांनी बैठक बसवली आणि समजावलं कुणाला? पोरीलाच! "स्वल्प सांभाळून घे बाळ, संसारात भांड्याला भांडं लागतंच." त्या मेल्याला दोन शब्द सुनवायला एकाची जीभ उचलली नाही. पुढे त्याने तिचा हात मोडला, तेव्हा शिवानी प्लास्टरसकट घराबाहेर पडली. पण ती चिकपेटला काही आली नाही. आली असती तर दुसऱ्या दिवशी हीच मंडळी पुन्हा जगलीवर येऊन बसली असती.

ती गेली शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला. तिथे यल्लव्वा नावाच्या बाईच्या घरामागची खोली घेतली आणि एका गार्मेंट फॅक्टरीत शर्टांना कॉलर लावायच्या कामाला लागली. पत्ता फक्त आईला दिला. "आई, कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. मावशीला नाही, बोळातल्या प्रतिमाक्काला नाही. घे माझी शपथ." भागक्काने शपथ घेतली, आणि खरं सांगायचं तर पाळलीही. तिच्यासारख्या बाईने! आता सांगितलं तर म्हणाल उगाच कौतुक चाललंय, पण दोन वर्षं तोंड मिटून बसणं तिला उपासापेक्षा जड गेलं. "शिवानीचं काय?" असं कुणी विचारलं की ती पायडलवर पाय दाबायची. मशीनच्या खडखडाटात प्रश्न बुडून जायचा.

रविवारी फुरसत काढून ती बसने के. आर. पुरमला जायची. डब्यात चित्रान्न, शेंगदाण्याची चटणी. पोरीच्या डोक्याला तेल थापायचं, फॅक्टरीतल्या गोष्टी ऐकायच्या. शिवानी हसायला लागली होती. मग एकदा तिने सांगितलं की तिला सुपरवायझर केलंय, हाताखाली चाळीस बायका आहेत. परतीच्या बसमध्ये भागक्काला वाटलं, शेजारच्या अनोळखी माणसाला तरी हे सांगावं. सांगितलं नाही. कसं दाबलं तिचं तिलाच ठाऊक.

त्याच साली, म्हणजे नव्याण्णवला, मंडळात शुभदा आली. पुण्याची पोर, कंप्युटर कंपनीत नोकरी, बोलण्यात निम्मं इंग्रजी. ब्लाऊज शिवायला म्हणून भागक्काकडे आली आणि दर आठवड्याला गप्पा मारायला यायला लागली. तिच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. मंडळाची वेबसाइट करायची. प्रत्येक माणसाचं त्यात एक पान. फोटो, घराणं, मूळ गाव, कोण कुठे राहतं, मुलंबाळं काय करतात. घरबसल्या एकमेकांना शोधायचं, निरोप पाठवायचे. मंडळाच्या हॉलमध्ये एक कंप्युटर आणून ठेवला, आणि रविवारच्या आरतीनंतर त्याच्यापुढे ही गर्दी! म्हातारे चष्मे पुसून पुसून दुसऱ्यांची पानं बघायचे.

भागक्काची पाळी आली तेव्हा तिच्या आधी बोळातल्या बांगडीवालीचं, प्रतिमाचं पान झालं होतं. दोन मुलगे, सुना, नातवाचा काजळ घातलेला फोटो. पान कसं भरून गेलं होतं.

"काकू, शिवानीताईंच्या पुढे काय लिहू?" शुभदाने विचारलं.

"अक्का म्हण गं, काकू काय!" भागक्का म्हणाली आणि पडद्याकडे बघत राहिली. मुलीचं नाव होतं आणि पुढे पांढरं, कोरं. मागे बायका उभ्या होत्या. त्यांतल्याच कुणी तरी मागे म्हटलेलं तिच्या कानावर आलं होतं, की भागक्काची पोर कुणाबरोबर तरी पळाली. कुणी त्याहून घाण बोललं होतं. ती कोरी जागा म्हणजे त्यांच्या बोलण्यावर आपणच शिक्का मारणं.

"लिही," ती म्हणाली, "सुपरवायझर आहे. मोठ्या फॅक्टरीत. चाळीस बायका हाताखाली."

"वा! आणि अ‍ॅड्रेस? तो ऑप्शनल आहे, नाही दिला तरी चालेल."

"नाही दिला तर लोक म्हणतील मनचंच सांगते म्हातारी."

"मग हे कोणाला दिसू द्यायचं ते ठरवा. सगळ्यांना, फक्त सभासदांना, की कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही तर लिहायचं कशाला बाई?" भागक्का हसली. मग जरा गंभीर झाली. "सगळ्यांना नको. एकटी राहते पोर. रस्त्यावरचे टवाळ काय, फॅक्टरीजवळचे काय, कुणाचा भरवसा? सभासद म्हणजे?"

"आपल्या मंडळातले. त्यांना पासवर्ड दिलाय. बाहेरच्या कोणाला अजिबात दिसणार नाही."

"सरी, बरं, मग तेच कर. फक्त आपल्या माणसांना."

"नक्की ना काकू?"

"अगं, आपल्यांपासून काय लपवायचं?" असं म्हणून तिने घर नंबर, कितवा क्रॉस, कितवा मेन रोड सगळं सांगितलं, वर यल्लव्वाचं नावही सांगितलं. मागच्या बायका माना पुढे काढून पडदा वाचत होत्या. घरी जाताना तिला इतकं हलकं वाटलं की तिने वाटेत मोगऱ्याचा गजरा घेऊन देवाला वाहिला.

आणि गिरीराज? त्याची आठवण कशी झाली नाही या बाईला, असं तुम्ही म्हणाल. अहो, तिने त्याला आपल्यांतून कधीच काढून टाकलं होतं. पोरीचा हात मोडला त्या दिवशीच तो तिच्या लेखी परक्याहून परका झाला. पण मंडळाने थोडंच काढलं होतं त्याला! त्याच्या दोन पिढ्या मंडळाच्या सभासद. भागक्काने रस्त्यावरच्या माणसांना दार लावलं आणि ज्याच्यापासून पोर पळाली होती त्याच्या हातात किल्ली दिली.

ते पान आधी पाहिलं रघुपतीअण्णांनी, गिरीराजच्या मामांनी. माणूस वाईट नव्हे हो. मोडलेले संसार जोडणं म्हणजे पुण्यकर्म असं मानणारा. पत्ता बघून त्यांना गहिवरूनच आलं. पोर सापडली! त्यांनी भाच्याला कळवलं, दोन वडीलधारी माणसं घेतली, साडी, फळं, फुलं घेतली आणि सगळे के. आर. पुरमला जाऊन थडकले. यल्लव्वाने विचारलं तर म्हणाले, आम्ही तिचे नातेवाईक. पोरीच्या सोयऱ्यांना दारातून कोण परत पाठवतं? तिने चहा टाकला.

शिवानी कामावरून आली तर गिरीराज तिच्याच खाटेवर बसलेला.

"झालं गेलं विसर बाळ," रघुपतीअण्णा म्हणाले. "अगं, तुझ्या आईनेच तर पत्ता दिलाय सगळ्यांना. तिलाही वाटतंय तू परत जावंस."

शिवानी नाही म्हणाली. गिरीराजने सगळ्यांदेखत हात जोडले. वडीलधारी माणसं चपला घालायला बाहेर वळली तेव्हा तो तिच्या कानाशी लागला, "आता फॅक्टरीच्या गेटवर रोज भेटू." आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून तो गेटवर उभा राहायला लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्याबद्दल नाही नाही ते सांगायला लागला.

पुढच्या रविवारी भागक्का डबा घेऊन गेली तेव्हा खोली रिकामी होती. खाटेवरची गादी गुंडाळलेली. यल्लव्वाने तिला पाणी दिलं आणि घडलेलं सगळं सांगितलं. "रात्रभर रडत होती पोर. म्हणत होती, आईने असं कसं केलं. तुमचीच माणसं म्हणाली अम्मा, म्हणून मी आत घेतलं."

भागक्काने डबा खाली ठेवला. तिथेच उंबऱ्यात बसली ती.

तशीच उठून ती रघुपतीअण्णांच्या घरी गेली आणि भर ओसरीत तोंड सोडलं. ते बिचारे पांढरेफटक पडले. "चांगलं करायला गेलो होतो अक्का," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मग मंडळाच्या हॉलमध्ये शुभदाने तिच्यासमोर ते पान काढून टाकलं. "मी विचारलं होतं तुम्हाला काकू, नक्की ना म्हणून," ती रडवेली होऊन म्हणाली.

"हो बाळ," भागक्का म्हणाली. "तू विचारलं होतंस. तुझं काही चुकलं नाही."

मग दिवस गेले. भागक्का ब्लाऊज शिवायची आणि चुकीच्या जागी टीप घालून पुन्हा उसवायची. बोळात फोन एकट्या प्रतिमाच्या दुकानात होता. एका दुपारी तिने हाक मारली, "भागक्का, तुझा फोन गं!"

"आई."

"शिवू! कुठे आहेस बाळ? जेवतेस ना नीट?" दुकानाकडे पाठ करून, फोन पदराआड धरून भागक्का कुजबुजली.

"बरी आहे. दुसरं काम लागलंय. खोलीही मिळालीय."

"कुठे?"

"ते विचारू नकोस आई."

"अगं, कुणाला सांगणार नाही मी. तुझी शपथ. ते कंप्युटरमधलं सगळं काढून टाकलंय."

"तू मुद्दाम केलं नाहीस, कळतंय मला. रागही नाही माझा. पण तुला माझं कौतुक आहे ना, ते तुला गिळता येत नाही. कुणी माझ्याबद्दल वाकडं बोललं की तू पुन्हा सांगून बसशील."

"मग मी तुला बघायचं कसं गं?"

"मी फोन करीन," शिवानी म्हणाली. "जमेल तेव्हा करीन." आणि तिने ठेवून दिला.

दुकानात चार बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. सगळ्यांचे कान इकडेच.

"शिवानी होती का गं?" प्रतिमाने विचारलं. "आवाज तसाच वाटला. कुठे असते आता?"

भागक्काच्या जिभेवर सगळं आलं होतं. पोर सुखरूप आहे, काम लागलंय, राग धरला नाही माझ्यावर. तिने ते गिळलं.

"गिऱ्हाईक होतं," ती म्हणाली. "ब्लाऊज कधी मिळेल विचारत होतं."

मग ती घरी आली, दाराला आतून कडी घातली, आणि जिवंत पोरीसाठी पोर गेल्यासारखी रडली.