सतराव्या सुरानंतरही वाजत राहिलेला सा

आधीच सांगते, भूत, कृपा, दृष्टांत असल्या कशावर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता आणि हे सगळं घडल्यावरही नाही. त्यामुळं खाली कमेंटमध्ये कुणी मला देवऋषी सुचवू नका.

मी बजाजनगरला राहते. नवरा वाळूजला कंपनीत, मी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. कीबोर्ड माझ्या सरांचा, वाजवायला त्यांनीच शिकवलं. ते वारल्यावर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला दिला. जुना आहे, एका वेळी बत्तीसच आवाज काढतो. मी स्ट्रिंग्ज आणि ऑर्गन जोडून वाजवते, म्हणजे एक पट्टी दाबली की दोन आवाज खर्च. राहिले सोळा सूर. पायातलं पेडल दाबून ठेवलं की आधीचे सूर रेंगाळत राहतात... आणि सतरावा दाबला की मशीन सगळ्यात जुना सूर गपकन बंद करतं.

मागच्या एका कार्यक्रमात हेच झालं. आमच्या गायिका रेखाताई आलाप घेत होत्या. मी खालचा सा धरून वर सूर भरत गेले आणि सा गेला. ताईंचा आधारच सुटला, त्या बेसूर झाल्या, लोक हसले. ऑर्केस्ट्राचे मालक दादाराव सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईमाणसाच्या हाती मशीन दिल्यावर असंच व्हतंय. पाचोडचा कार्यक्रम होऊ द्या, मंग दुसरा माणूस बघतो मी."

घरी येऊन मी मोजलं. दहा वेळा वाजवून बघितलं. दहाही वेळा सतराव्या सुराला सा बंद! म्हणजे चूक कळली — पेडल वेळेवर सोडायचं, बस्स.

पाचोडला एका मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप समारंभ होता. मंगल कार्यालय, दुपारचे तीन, लख्ख ऊन. अंधार वगैरे काही नव्हता, हे लक्षात घ्या. शेवटच्या भक्तिगीतात तबला थांबतो, ताई आलापाची एक जागा, म्हणजे छोटा तुकडा, घेतात आणि मी ती वाजवून उत्तर देते. मी खालचा सा दाबला — एकदाच — पेडल धरलं, पहिलं उत्तर दिलं, पाय उचलला...

सूर सुटेनात. पेडल अडकलं होतं.

पेडलची वायर उपटावी तर ती मागं, स्टेजच्या कापडाखाली. वाकायला वेळ नाही. गप्प बसले असते तर सा वाचला असता, पण ताई पुढची जागा घेऊन माझ्याकडं बघत थांबल्या होत्या. आणि विंगेत दादाराव हाताची घडी घालून उभे! म्हटलं, सा जायचाच आहे तर वाजवून जाऊ दे. फक्त वरच्या सप्तकातल्या सा, ग, प वर राहिले, म्हणजे रेंगाळणाऱ्या सुरांचा गोंधळ कमी. पुन्हा दाबलेला सूरही मशीन नवा म्हणूनच धरतं, म्हणून मनात मोजत होते. चौदा. पंधरा. सोळा.

सतरावा दाबला. सा तसाच.

अठरा, वीस, पंचवीस... तिसाच्या पुढं मी मोजणं सोडलं. पायाखालच्या फळीत तो सा थरथरत होता. ताई डोळे मिटून गात होत्या. मग त्यांनी शेवटचा सूर सोडला आणि त्याच क्षणी खालचा सा थांबला. एकटा तोच. वरचे सगळे सूर अजून लटकलेले. मला आवाजाचं बटण खाली ओढावं लागलं.

"आज सा सोडलाच नाहीस गं तू," ताई म्हणाल्या.

"ताई, एकदा दाबल्यावर मी तो धरलाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी पेडल मुद्दाम अडकवून तेच वाजवलं. सतराव्याला सा बंद. परत केलं, परत बंद. समारंभाचा व्हिडिओ घेऊन शहागंजला सलीमभाईंकडं गेले, ते कीबोर्ड दुरुस्त करतात. काही मशीन सगळ्यात खालचा सूर राखून ठेवतात, असं ते म्हणाले. माझं उघडून बघितलं — हे तसलं नाही. मला ते बाजी म्हणतात, म्हणजे ताई. "बाजी, बत्तीस मतलब बत्तीस. नया आया तो पुराना बाहर." मग हेडफोन लावून व्हिडिओ दोनदा ऐकला आणि मोबाईल परत दिला. म्हणाले, "मेरेकू नहीं मालूम."

ताईंनी हे दादारावांना सांगितलं. त्यांना मात्र सगळं माहीत होतं. पुढच्या कार्यक्रमाला ते सरांचा फोटो, हार आणि नारळ घेऊन आले. "सरांचा हात व्हता तो. मशीनची पूजा करू."

मी म्हटलं, "सा गेला तेव्हा हात माझा, आणि राहिला की सरांचा व्हय? फोटो घरी लावा. दुसरा माणूस बघणार होता ना, तो बघा."

बघितला नाही त्यांनी. अजून मीच वाजवते.

सा का राहिला, मला आजही सांगता येत नाही. खूप डोकं चालवलं, नाही सापडलं. पण उगाच सरांच्या नावावर घालू नका. सरांना मी ओळखत होते. ते तिथं असते तर सा धरून बसले नसते. पेडल आधी तपासलं नाहीस म्हणून स्टेजवरच माझ्यावर ओरडले असते.