मालधक्क्यामागचं इंजिन

या सदरातले अनुभव मी दुपारी चष्मा लावून वाचते आणि खरं सांगू, निम्म्यांना हसते. कुणाला पांढरी बाई दिसली, कुणाच्या मागे पावलं वाजली... माझा कधीच विश्वास नव्हता, भुताखेतांवर अजूनही नाही. पण एक गोष्ट मी स्वतःच्या हातानं चाचपलेली आहे, तिचं काय करू?

दुसरी मोठी लढाई चालू होती, तेव्हाचं हे. मी कळसाडीची, लग्न व्हायचं होतं. माझी फुई, म्हणजे वडिलांची बहीण, नंदुरबारला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची, म्हणून मला सोबतीला धाडलं. फुवा, म्हणजे तिचे यजमान, इंजिनाचे ड्रायव्हर. तेही लढाईवर गेलेले — बंदूक घेऊन नाही हं, तिकडे इराकात बसऱ्याला गाड्या चालवायला. आधी खुशाली यायची. मग तीही थांबली.

त्यांचं जुनं इंजिन मात्र इथेच होतं. बॉयलरच्या नळ्या गेल्या म्हणून स्टेशनापलीकडे, मालधक्क्याच्या मागच्या साइडिंगला ढकलून दिलेलं. जाताना फुवा म्हणाले होते, "तिला गंजू देऊ नको, तेल देत जा." बस, फुईनं ते मनावरच घेतलं! पितळेचे नळ चोर नेतील म्हणून तिनं ते काढून बाजरीच्या कोठीत ठेवले. बकऱ्या हाकलायची, चाकांत उगवलेल्या बाभळी उपटायची, पावसाळ्यात चिमणीवर पत्रा टाकायची. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि दिवाळीला घरातल्या माणसाला घालावं तसं तिला अभ्यंग! मी हसले की म्हणायची, "हास, हास. त्या उनात म्हंजे तिनावरच ड्युटी लेतीन." फुवा परत आले की हिच्यावरच ड्युटी घेणार, एवढी तिची खात्री.

शेजारी रहीमचाचा, फिटर. ते ड्युटीवरून परत आले की चिडवायचे, "बाई, इंजिन को फोडणी दे रही क्या?"

गंमत नव्हती ती. वरचं अभ्यंग चाचांना दिसायचं, आत पेट्यांमध्ये काय जातं ते नाही. फुवांनी तेल म्हटलं, पण कुठलं ते सांगितलंच नाही. लढाईत मशीनचं तेल मिळायचं नाही, आणि फुईनं घाण्यावरचं जवसाचं तेल चाकांच्या आसाच्या पेट्यांमध्ये ओतलं. वर्षानुवर्षं. ते वाळून लाखेसारखं घट्ट झालं, ते आम्हाला कळलं कधी? तर लोखंड गोळा करायचा हुकूम आला तेव्हा.

चाचाच सांगत आले. उद्या सकाळी दुसरं इंजिन येईल. हे ओढलं गेलं तर सुरतेकडच्या शेडमध्ये नेतील, तिथे कदाचित दुरुस्तही करतील. नाही हललं तर इथेच घण घालून तुकडे.

संध्याकाळी चार माणसांनी पहारी लावून बघितलं. चाक तसूभर सरकलं नाही. चाचांनी पेटीत बोट घालून वास घेतला आणि फुईकडे बघितलंच नाही. जाता जाता मला म्हणाले, "ये तेल एक बार सूखा, तो गरम करके भी नहीं पिघलता, बेटी."

फुई रात्रभर चुलीपुढे बसली. "मी काय करी बसनू व माय... मन्हाच हातघाई बिघडनी ती." माझ्याच हातानं बिघडली, हेच घोकत राहिली.

पौषाचे दिवस. सकाळी एवढं धुकं, की पुढे चालणारी फुई मला दिसेना. नुसतं नाही बघवत म्हणून आम्ही कढत पाण्याचे हंडे घेऊन निघालो होतो, तेवढ्यानं काय व्हायचं होतं! फुईनं हंडा खाली ठेवला, इंजिनाला हात लावला आणि थिजलीच.

"पोरी... हात लाव. तापेल शे."

मी लावला. गरम होतं हो! बॉयलर गरम, दांडे गरम, चाकांच्या पेट्याही गरम. तेल पातळ होऊन स्लीपरांवर टपटप गळत होतं, जवसाचा वास सुटला होता. चाचा धावत आले, हात टेकवला आणि ओरडले, "आग किसने डाली?"

आग? भट्टीचं दार उघडलं तर आत होल्या पाखराचं घरटं. वाळक्या काड्या, त्यात दोन अंडी, जशीच्या तशी. काडीलासुद्धा धग नाही. चाचांनी घरटं अलगद काढून कुंपणाच्या बाभळीवर ठेवलं.

ओढणारं इंजिन आलं, साखळी लावली, आणि आमचं इंजिन असं निघालं... जसं कालच ड्युटीवरून आलं होतं. धुक्यात गेलं. शेडमध्ये पुढे त्याचं काय झालं, कळलं नाही. फुवांचंही कळलं नाही. लढाई संपली, माणसं परत आली, ते आले नाहीत.

माझा इंजिनीयर नातू म्हणतो, "आजी, उन्हानं तापलं असेल." म्हटलं, बाबा, ऊन होतंच कुठे? मग म्हणतो, "मग रात्री कुणीतरी आत जाळ केला असेल." म्हटलं, आणि ती अंडी?

त्या दिवशी रुळांवरून परतताना मी फुईला म्हटलं, "फुई, रडू नको, वाचलं ना तुझं इंजिन." ती थांबली. पदरानं हाताचं तेल पुसत राहिली, पुसत राहिली.

"इंजिनसाठे उनात व तुना फुवा," म्हणाली. "माले हाक बी नही मारी."